नाकातली जेली

माझी सासू पंचफुलाबाई बावीस वर्षं देवळीच्या जिनिंगमध्ये कापूस निवडते. रुईचे बारीक तंतू छातीत जाऊ नयेत म्हणून कामावर निघताना नाकात पार आतपर्यंत पेट्रोलियम जेली फिरवायची, हा तिचा नेम. आधी तेल घालायची, पण जेली जास्त टिकते म्हणे. वर्षभर खोकत होती आणि शिव्या मात्र कापसाला देत होती.

काल सेवाग्रामला डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, "नाकात काही घालता का?" मग म्हणाले, "जेली म्हणजे खनिज तेल आणि मेण. ओठांना लावा, टाचांना लावा. नाकात रोज कोंबली तर श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरते आणि तिथंच साचते."

"मले कोणी सांगतलंच नाई," ती पुटपुटली.

"तुम्ही कोणाले इचारलं तरी काय?" मी सगळ्यांसमोर फटकारलं.

घरी आलो, तर माझी चार वर्षांची ओवी डबी घेऊन धावत आली. आजीपुढे बसून तिनं सवयीनं मान मागे टाकली. "आजी, आज माह्या नाकाले लावलंच नाई तू."

मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओवी खोकली.