समईचे तेल आणि गॅरेजमधला जॅक

ज्याच्या कृपेने हाताला काम आणि कामाला हात मिळतो, त्या जगन्नियंत्याला प्रथम वंदन. उद्या खंडेनवमी. त्या निमित्ताने गतवर्षी माझ्या हातून घडलेला एक प्रमाद लिहून ठेवतो.

नेवाशाच्या बाहेर, प्रवरेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, आमच्या शेजारीच एक गॅरेज आहे. मालक ख्रिस्ती. तरी त्याच्या वडिलांच्या काळापासून तिथली हत्यारांची पूजा मीच सांगतो. वर येशूची तसबीर, खाली पाट, पाटावर पाने-पकडी, आणि मध्यभागी चाकांवरचा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक जॅक. त्या दुपारी उदबत्तीचा धूर पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हात इतका सावकाश तरंगत होता, की आपण गॅरेजमध्ये बसलो आहोत याचाच मला विसर पडला.

जॅकचे रबरी बूच उघडून, ‘ऑइल थोडं कमी हाय’ असे म्हणत मालक गिऱ्हाइकाच्या हाकेला बाहेर गेला. मी आत डोकावलो. पूजेच्या दिवशी पात्र उणे राहू नये, या भावनेने समईतले तेल दोन पळ्या त्यात ओतले, बूच बसवले आणि वर हळदीकुंकू वाहिले. परतल्यावर त्याने बुचाला हात लावला नाही. पुजलेले हत्यार दसरा उलटेपर्यंत हलवायचे नाही, ही त्याच्या वडिलांची शिस्त होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिकअप आली. श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला निघालेली दोन कुटुंबे तिच्यातून उतरून भांड्याकुंड्यांसह कडुनिंबाखाली थांबली होती. मी ओट्यावर जप करीत होतो. जॅकने पिकअप उचलली आणि मग ती खाली येऊ लागली. एखादी सायंकाळ मावळावी तशी, निःशब्द, डोळ्यांना न कळेल इतकी हळू. ते दृश्य मी क्षणभर मोहून पाहत राहिलो, हे आज लिहिताना लाज वाटते.

सील गेले असावे, जॅक नगरला पाठवावा लागेल, दोन दिवस तरी मोडतील, असे तो त्या माणसांना सांगू लागला. माझी माळ थांबली. गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते. पण जॅकने दगा दिला तर त्याखाली निजणारा देह याचा होता. मी उठून गेलो आणि म्हणालो, “त्यात मी समईचे तेल ओतले आहे.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “किती?”

“दोन पळ्या.”

“देवाला रोज वाटीभर, अन् माज्या जॅकला दोनच पळ्या, गुरुजी?” कडुनिंबाखालची माणसे हसली. मग त्याने आवाज उतरवला. “मी स्टँड लावल्याबिगर गाडीखाली जात न्हाई, म्हून हसतोय. दुसरा कुनी असता तर?”

मी माळ गळ्यात घातली आणि कोपऱ्यातली परात पुढे सरकवली.

त्याने जॅक उताणा करून सारे तेल परातीत ओतून काढले. परातीत दोन तेलांचा मिळून एकच गढूळ रंग फिरत राहिला. व्हॉल्व्हचा स्क्रू काढला, तेव्हा त्याच्या बैठकीत वातीच्या कापसाचा एक तंतू अडकलेला निघाला. केसाहून बारीक, कुंकवाने लालसर झालेला. त्यामुळेच झडप पुरती मिटत नव्हती. आतले भाग त्याने धुऊन पुसले. फडके मी धरले. नंतर बंद डब्यातले स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल भरले. व्हॉल्व्ह सैल ठेवून त्याने मला दांडा वरखाली करायला सांगितले. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ लागली. मी मोजून एकवीस वेळा दांडा हलवला. तो म्हणाला, दहा-बारा पुरे होते.

पिकअप पुन्हा उचलली. चाकाच्या उंचीला त्याने भिंतीवर खडूची रेघ ओढली आणि आम्ही दोघे चहा घेत त्या रेघेकडे पाहत बसलो. चहा संपला. चाक रेघेवरच होते. तरीही त्याने दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले, गाडी हाताने हलवून पाहिली, आणि मगच खाली सरकला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. ते पुन्हा हलून तो बाहेर येईपर्यंत मी तिथून उठलो नाही.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरातून जो जो कामाला बाहेर पडतो, तो तो दिवेलागणीला सुखरूप घरी येवो. तुझ्या चुका वेळीच तुझ्या ओठांवर येवोत, आणि त्या ऐकून घेणारा शेजार तुला लाभो. शुभं भवतु.