कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली कॅसेट

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते म्हणून सगळे तिला भिंगताईच म्हणत. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची काळजी वाहायची आणि दुकान बंद झालं की आपल्या कानांचे लाड पुरवायचे, असा तिचा खाक्या. मागच्या गल्लीत जुन्या कॅसेटी विकणारे काका बसत. त्यांच्या खोक्यात एकदा हात घातला की बाईला घरदार आठवायचं नाही.

आधी ती आपली ओळखीची गाणी शोधायची. मग एकदा भलतंच काहीतरी हाती लागलं. कव्हर हाताने रंगवलेलं, कंपनीबिंपनीचा पत्ता नाही. घरी लावली तर पोरंपोरी एका खोलीत बसून गातायत, मध्येच कुणी शिंकतंय, खुर्ची सरकतेय, आणि तरी गाणं असं की हातातला घास हातातच राहिला.

"काका, हे आहेत तरी कोण?"

"असतात अशी खुळी पोरं. आपणच लिहायचं, आपणच गायचं, आपणच कॅसेटी भरायच्या. कुणी कुत्रं विचारत नाही, म्हणून तर माझ्या खोक्यात येतात."

झालं! भिंगताईला नादच लागला. वहिनी म्हणायची, "माणसं सोनंनाणं जमवतात, आमची नणंद शिंका जमवते."

आता दादाचं सांगायलाच हवं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने उशाशी टेप ठेवून तिला बोलतं केलं होतं. त्यावर चुकूनही कुणी दुसरं काही भरू नये, म्हणून दुकानातल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने कॅसेटच्या कोपऱ्यातला तुकडाही तिने मोडून टाकला. दादाकडे दोन कॅसेटींचा टेप होता, म्हणून कॉपी काढायला ती त्याच्याकडे दिली. "काढतो गं, घाई काय आहे?" म्हणता म्हणता आई गेली. ताई कॅसेट मागायला गेली तर दादा ढसाढसा रडला. भिंतीला ओल आली, बुरशी धरली, टाकून द्यावी लागली म्हणाला. वेडीने आपलं रडू गिळलं आणि त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. "तू काय मुद्दाम केलंस का रे?" म्हणाली.

पण पुढे पुढे आईचा आवाज आठवेनासा झाला. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज काही केल्या नाही. हे ती कुणाला बोलली नाही. आईचा आवाज विसरलेली मुलगी म्हणजे काय, असं मनात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटायची.

परवा तिला काकांकडे एक पिवळ्या कव्हरची कॅसेट मिळाली. गाणी झकास होती. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटचं गाणं संपलं, हात गुंतलेले म्हणून टेप तसाच चालू राहिला. जराशी खरखर झाली, आणि मग आई बोलली.

"...दादा आहे ना, त्याच्यावर बिनघोर सोपव. तो एक वस्तू हरवायचा नाही. झालं का गं? बंद कर ते."

"आई, बोल ना अजून!" हा आवाज ताईचा स्वतःचा. मग कॅसेट संपली.

सकाळी दुकानाला दांडी मारून ती काकांपुढे उभी राहिली. काकांनी कॅसेट फिरवून कोपरा दाखवला. मोडलेल्या जागी चिकटपट्टी होती.

"पट्टी लावली की पुन्हा भरता येते. पोरांना नव्या परवडत नाहीत, माझ्याकडून जुन्या पिशवीभर नेतात. लोक खोकी आणून टाकतात, आत काय आहे ते मी थोडंच ऐकत बसतो?"

"बुरशी आलेली घेता का हो?"

"छे! आणणाऱ्याच्या तोंडावर फेकीन."

ताईने कॅसेट उचलली. बाकी काही नाही, पण ते रडणं? तेसुद्धा खोटं?

तशीच ती दादाकडे गेली. त्याच्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि शेवटाकडे नेली. आईचा आवाज घरभर झाला. दादा पांढराफटक पडला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"अगं बाई, ही त्या जुन्या कॅसेटींच्या खोक्यातली का? अहो, आईंची खोली रिकामी करताना तुम्हीच देऊन टाकलंत ना ते? मी म्हणत होते, आधी बघा तरी. तर म्हणे, आहे काय त्यात, नुसती बडबड."

दादाने मान खाली घातली. "लक्षातच आलं नाही गं. आलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुला काय तोंड दाखवणार होतो?"

"खरं तोंड दाखवायचं होतंस रे. मी तुझे डोळे पुसले, दादा. आई माझीही गेली होती."

मग दादा खरोखरचं रडू लागला. या वेळी ताई जागची हलली नाही.

"पुन्हा एकदा लाव ना," तो म्हणाला. "नाहीतर ठेवून जा. आज रात्रीच कॉपी काढतो, शप्पथ."

ताईने कॅसेट काढली, पदराने पुसली आणि पर्समध्ये टाकली.

"नको," ती म्हणाली. "तुझ्याकडे आईसुद्धा टिकली नाही."