अक्काचा रेडिएटर

अक्का गेल्याचा फोन धुळ्याहून आला, तेव्हा मी जळगावला शाळेत फळ्यासमोर उभी होते. हृदयानं दगा दिला, म्हणाले... महिना उलटला, रडू अजून नीट आलेलं नाही. राग मात्र रोज येतो.

माझी ही थोरली बहीण जळगावच्या एका कारखान्यात इंजिनांचे रेडिएटर डिझाइन करायची. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडचे ट्रॅक्टर उकळायचे, कारण रेडिएटरच्या दाट पट्ट्यांत कापसाचे तंतू अडकून वारा कोंडायचा. अक्कानं पट्ट्या विरळ केल्या, भरपाईला नळ्यांची एक रांग वाढवली आणि पुढे ओढून झटकता येईल अशी जाळी बसवली. चोपड्याच्या शेतांत हंगामभर चाचणी घेऊन काळवंडून परतली, ती दारातूनच ओरडली, "उकयनं नही वं, एकदा बी नही!"

कारखान्याच्या समारंभात मालकांनी ते डिझाइन स्वतःचं म्हणून मिरवलं, आणि पुष्पगुच्छ द्यायला अक्कालाच उभं केलं. तिनं तो खुर्चीवर ठेवला, माइकपाशी जाऊन "हाई मन्हं शे", हे माझं आहे, एवढंच म्हणाली आणि उतरली. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

मग तिनं धुळ्याला स्वतःची शेड टाकली. इकडे मालकांनी नळ्यांच्या जादा रांगेचा खर्च वाचवायला पट्ट्या पुन्हा दाट केल्या, ट्रॅक्टर पुन्हा उकळू लागले, गिऱ्हाईक धुळ्याकडे वळलं. ऐन मे महिन्यात मालक शेडमध्ये हजर! "ताई, झालं गेलं विसरा, परत या." अक्कानं त्यांचाच रेडिएटर चाचणीच्या इंजिनाला जोडला, समोर मूठमूठ कापूस सोडला आणि त्यांना शेजारी बसवलं. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, वाफ उसळली, मालक घामानं निथळले.

"साहेब, त्या समारंभाच्या दिवशी माझंही असंच झालं होतं," ती म्हणाली आणि इंजिन बंद केलं.

हे सांगताना ती पोट धरून हसली होती. त्या घामाच्या आठवणीनं मला आजही गार वाटतं.

अक्काच्या दशक्रियेनंतर मालक हार घेऊन आले. "ताईंचं अर्धं राहिलेलं नवं डिझाइन आम्ही पूर्ण करू, त्यांच्या नावानं..."

"आधी जुनं कोणाचं ते पेपरात छापा," मी म्हटलं.

ते हार घालायला फोटोकडे वळले. मी हार परत त्यांच्या हातात दिला.

नवं डिझाइन तिच्या कारागिरांनीच पुरं केलं. शेडमधल्या तिच्या खोलीत मी कुणाला बसू देत नाही. खिडकीखाली पहिला तयार रेडिएटर ठेवलाय, टाकीवर अक्काचं नाव ठसठशीत उठवलंय... सुमन. तो कोणत्या दुकानात मांडायचा, हेही मी ठरवलंय. जळगावला, मालकांच्या कारखान्याच्या फाटकाच्या अगदी समोरच्या.