असली, एकदम असली

आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून शेजाऱ्यांची जुनी मोटार मैदागिनच्या चौकात उभी असते. शेजाऱ्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय. कुणी गाडीपाशी थबकलं की गमछाने दार पुसत म्हणतात, "वडिलांची आहे, वडिलांची. असली, एकदम असली."

खरं तर जुनी बॉडी गंजून गेली होती. गॅरेजवाल्याने जुन्या चासीवर अख्खी नवी बसवली. गंजलेल्या दाराचा एक तुकडा मात्र शेजाऱ्यांनी फुलांसकट गंगेत सोडला, अस्थी सोडतात तसा. तेव्हा मी सोबत होतो. "कुणाला सांगू नका, सांगू नका," म्हणाले.

दसऱ्याला गाडीच्या पूजेला इंदूरहून त्यांची म्हातारी आत्या आली. हळद-कुंकू वाहायचं सोडून ती दारावर बोटं फिरवत राहिली.

"अरे, लहानपणी माझी सायकल धडकून इथे पोचा पडला होता. तुझ्या बाबांनी आठवण म्हणून तसाच ठेवलेला. कुठे गेला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूच्या हाराची गाठ सोडवत राहिलो.

"बुजवला, आत्या," ते खाली बघत म्हणाले. या वेळी एकदाच.