पॅसेंजरने शाळेत जाणारी मुलगी

राहुरीहून नगरला मी अकरा वर्षं पॅसेंजरने जात होते. नगरला लागून असलेल्या भिंगारमधल्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून. वांबोरीचा घाट चढून गाडी वर आली की एक लहान स्टेशन लागायचं. बुटका फलाट, एक लिंबाचं झाड, सिमेंटचा बाक. तिथे रोज एक मायलेकींची जोडी चढायची.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्यासारख्या मुलांची शाळा नगरला होती, म्हणून आई तिला रोज घेऊन जायची. शाळा सुटेपर्यंत ती बाजारसमितीत कांदा निवडायला बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने दोघी परतायच्या. गावात लोक म्हणायचे, पोरीच्या जातीला आणि त्यात मुकीला कशाला शिकवतेस. हे ती हसत सांगायची.

पोरगी हुशार होती. परतीच्या वेळी नगरच्या फलाटावरच्या लोखंडी खांबाला तळहात लावून ती उभी राहायची आणि आम्हाला काही ऐकू यायच्या आत गाडी आली म्हणून खुणावायची. तिने डब्यातल्या प्रत्येकीला खुणेचं एक नाव दिलं होतं. शाळेत शिकलेल्या खुणा ती मला शिकवायची. मी चुकले की माझी बोटं धरून नीट वळवायची. दोन वर्षांत आम्ही दोघी हातांनी बऱ्यापैकी गप्पा मारू लागलो. आईला हे सगळं जमायचं नाही. ती खिडकीला डोकं टेकून आमच्याकडे बघत राहायची.

मग लॉकडाऊन लागला आणि गाडी बंद पडली. पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा आमची पॅसेंजर पहिल्यासारखी राहिली नव्हती. तिची वेळ बदलली आणि त्या लहान स्टेशनात ती थांबेना. मला त्याची झळ लागली नाही. तोवर आम्ही सावेडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन नगरलाच राहायला आलो होतो.

शाळा उघडल्यावर त्या आईचा फोन आला. एस्टी फाट्यावरून मिळते आणि फाटा पाच किलोमीटर लांब, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "ताई, सोमवार ते शुक्रवार पोरीला तुमच्याकडं ठिवाल का? दानापानी मी पोच करीन. ती त्रास देत न्हाई कुनाला."

मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

मी घरी विचारलं नाही. दोन खोल्या, मुलाचं दहावीचं वर्ष, सासूबाई येणार होत्या. परक्याची पोर, काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं मी मनाशीच घोळवत राहिले. पंधरा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. स्क्रीनवर नंबर दिसला आणि मी तो वाजू दिला. त्यानंतर तिने फोन केला नाही.

गेल्या हिवाळ्यात कोपरगावला लग्नाला जाताना आमची गाडी त्या स्टेशनावरून न थांबता गेली. मला बसवेना. पुढच्या रविवारी स्कूटी काढली आणि विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर पोचले.

आईने मला लगेच ओळखलं. आत नेऊन बसवलं, चहा टाकला. मुलगी आता पंधरा वर्षांची झाली होती. बायकांबरोबर खुरपायला जाते, असं आईने सांगितलं. ती शेतातून आली, दारात थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हात उचलून विचारलं, कशी आहेस? तिने माझ्या बोटांकडे निरखून पाहिलं, मग आईकडे. आईने स्वतःच्या पद्धतीने काहीतरी खूण केली तेव्हा ती हसली आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

"समदं इसरली," आई म्हणाली. "हितं कोन बोलायला हाय तिच्यासंगं तसं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"तुमची बी अडचन आसंल," ती म्हणाली. "पन न्हाई म्हनाया पायजे हुतं, ताई. मी लई दिवस वाट बघितली. दुसरं काय बघितलंच न्हाई मग."

निघताना मुलीने मेथीच्या दोन जुड्या स्कूटीच्या डिकीत ठेवल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, इतका वेळ कुठे गेली होतीस. मी सगळं सांगितलं. तो फोन, ती मागणी, मी केलेला बहाणा. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

"मी हो म्हणालो असतो," तो म्हणाला.

मग तो उठून बाहेर गेला. मी मेथी निवडायला घेतली.