कस्तुराबाईचा वाडा

कस्तुराबाई बोलायला लागली की मुकाट ऐकून घ्यावं, हे खुलताबादच्या पुढच्या आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पवनचक्कीवाल्या कंपनीला तेवढं ठाऊक नव्हतं.

माळावर पंखे उभे राहिले, तशी तारेच्या कुंपणानं तळ्याकडं उतरणारी जुनी पाऊलवाट बंद झाली. मेंढरं पाण्याला न्यायची तर सगळ्या डोंगराला वळसा. उन्हात मागं पडलेली कोकरं कस्तुराबाई खांद्यावर घालून आणायची. नवरा, मुंजाबा, गुडघेदुखीनं घरीच. माळावर पाण्याचा हौद झाला नाही तर पुढच्या उन्हाळ्याआधी मेंढरं विकावी लागणार, हे तिला दिसत होतं. विकायची नाहीत, हेही तिनं ठरवलं होतं.

अशात कंपनीनं जाहीर केलं, की वाऱ्याच्या कमाईतला काही वाटा दरसाल गावातल्या गरजूंच्या कामाला देऊ. चौकशीला पुण्याचे एक तरुण साहेब आले. कस्तुराबाई त्यांना वाटेतच भेटली. तिनं हौद मागितला. राहता कुठं, असं त्यांनी विचारलं, तर तिनं माळाकडं बोट केलं.

"तिथं मपला वाडा हाय."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढं गेले.

ग्रामसभेत मंजूर कामं वाचून दाखवली. त्यात हौद नव्हता. कस्तुराबाईनं उभं राहून कारण विचारलं. साहेब अदबीनं म्हणाले, की ज्यांचा स्वतःचा वाडा आहे त्यांच्याआधी कुडाच्या घरातल्यांचा विचार करावा लागतो.

सभेत खसखस पिकली. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांचा कळप आणि रानातला मुक्काम, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. सरपंच काकासाहेबांना तर चांगलंच कळत होतं. पण त्यांच्या वस्तीचा रस्ता मंजूर झाला होता, म्हणून ते मूग गिळून बसले. मला त्यांचा त्या दिवशी भयंकर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कस्तुराबाई मात्र शांत होती. साहेबांना वाडा बघायचाय का, असं तिनं विचारलं, इथंच बसा, घेऊन येते म्हणाली आणि चालू पडली. वाडा कसा घेऊन येणार, हे काही साहेबांना कळेना. काकासाहेब सभा आटोपायची घाई करू लागले, पण साहेब जागचे हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं गल्लीत धूळ उठली आणि अख्खा कळप पंचायतीच्या अंगणात शिरला. मेंढरं नळाखालच्या डबक्यावर तुटून पडली. कोकरांना जागा मिळेना, ती ओला चिखलच चाटू लागली.

"ह्यो मपला वाडा, सायेब," कस्तुराबाई म्हणाली. "ह्याला भिंती नायत, छप्पर नाय. नुस्ती तहान हाय."

साहेबांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि हौद यादीत घेतला. लगेच काकासाहेब सरसावले. हौद इथंच पंचायतीसमोर बांधू, सगळ्यांच्याच सोयीचा होईल, म्हणाले.

कस्तुराबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"हौद पंख्याच्या बुडाशी पायजे. वाट तिथं बंद झाली, पानी बी तिथंच यावं. तुमच्या वाऱ्यावर मोटर चालती ना, सायेब? मंग चढवा वर."

हौद आज पंख्याच्या बुडाशीच आहे. कस्तुराबाई अजून मेंढरं राखते. भर उन्हाळ्यातही तिच्या खांद्यावर फक्त घोंगडी असते.