वळवून ठेवलेल्या चपला

तीस वर्षं मी तमाशाच्या फडात राणी होते. धुळ्यापासून रावेरपर्यंत जिथं जत्रा भरली, तिथं मी सिंहासनावर बसले, प्रधानाला हुकूम सोडले आणि खेळ संपल्यावर खाली उतरून तंबूचे दोर ओढले. एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्या डोक्यावरचा मुकुट पाहिला, पायांतल्या चपलांकडे कुणी पाहिलं नाही. म्हातारपणी रावेरला भावाच्या घरी राहायला आले आणि समोरच्या चर्चमध्ये गाणी छान म्हणतात म्हणून एका रविवारी ऐकायला गेले. बाहेर येऊन बघते, तर माझ्या चपला वळवून ठेवलेल्या! आत जाताना मी त्या कशाही काढल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. आता त्या जोडीनं, अंगठे रस्त्याकडे करून, माझी वाट बघत होत्या. मी नुसते पाय सरकवायचे.

दाराशी एक काटकुळा, पिकल्या मिशीचा माणूस उभा होता. मी विचारलं, "हे कुणी केलं हो, भाऊ?"

"चपलास्नीच केलं, अक्का. त्यास्ले घर जावानी घाई व्हती."

तो भिकन. त्या दिवसापासून मी दर रविवारी जाऊ लागले. गाण्यांसाठी म्हणा, नाहीतर चपलांसाठी म्हणा.

भिकन मूळचा धुळ्याकडचा, साक्रीच्या पुढच्या एका खेड्यातला. आईबापांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा कडेवर होता. विशीत केळी भरायच्या कामावर रावेरला आला आणि इथलाच झाला. बोली मात्र तिकडचीच राहिली, 'आहे'ला 'शे' म्हणणारी अहिराणी. दिवसभर खांद्यावर केळीचे घड वाहायचे, ट्रक भरायचे. केळीचा चीक लागताना पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो आणि मग कापड फाटेल पण डाग जाणार नाही. भिकनकडे त्या वेळी दोनच सदरे होते आणि दोन्ही डागांचे. बायको लवकर गेली. दिपमाला ही एकुलती लेक. तिला त्यानं शिकवलं, ती धुळ्याला नर्स झाली, तिथंच नांदते. घड वाहायची ताकद संपली तेव्हा चर्चच्या मंडळीनं त्याला तिथली झाडलोट आणि घंटा सोपवली. चपलांचं काम मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं, आणि झाडलोटीच्या कितीतरी आधीचं. चौतीस वर्षांचं.

त्या कामाचीही एक रीत होती. एकदा मी मदत करायला वाकले, तर त्यानं फडातल्या उस्तादासारखा माझा हात धरला.

"एकेक फिरवू नका, अक्का. जागच्या जागी एकेक फिरवली की डावी उजवीकडे जास आन् उजवी डावीकडे. जोडी एकदम उचला, एकदम वळवा."

मी करून पाहिलं. खरंच होतं. एवढ्याशा गोष्टीत एवढी विद्या!

मंडळीला त्याचं फार कौतुक. पाळक किरणसाहेब तरुण, चांगले बोलणारे. ख्रिस्तानं गुरू असून शिष्यांचे पाय धुतले, हे सांगताना ते हमखास दाराकडे हात करायचे, "नम्रता बघायची असेल तर मागे वळून भिकनभाऊंकडे बघा." सगळ्या माना वळायच्या. भिकन खाली बघायचा. त्याला दोनदा चर्चचा पंच केलं, दोनदा त्यानं नाही म्हटलं. खुर्ची दिली तर उठून उभा राहायचा. प्रीतिभोजनात सगळ्यांना वरण-बट्टी वाढून झाली की शेवटी पायरीवर बसून जेवायचा. तापानं पडला तेव्हा शेजारणीनं भाकरी आणि भरीत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिचा डबा शेंगदाणे भरून परत गेला. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, असा त्याचा बाणा.

मी रंगमंचावरची बाई. कुणी कोपऱ्यात उभं राहिलं की मला प्रश्न पडतो, हा तिथं कुणी सांगितलं म्हणून उभा आहे की आपण होऊन? पण भिकनला मी हे विचारलं नाही. विचारायची वेळ त्याच्या डोळ्यांनी आणली.

गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तो कुणाला सांगेना. चपला हातानं चाचपून लावायचा. आपल्या माणसांच्या चपला त्याला झिजेवरून ओळखू यायच्या. माझ्या उजव्या चपलेची कडेला झिजलेली टाच त्याला पाठ होती. पण नाताळला बाहेरगावची माणसं आली, दोनशेच्या वर जोड झाले, सगळे काळे आणि सगळे नवे. उपासना सुटली आणि दारात एकच गोंधळ उडाला. बायका एकमेकींच्या पायांकडे बघून हसताहेत, कुणी लंगडतंय, कुणी अनवाणी. त्यात प्रेमराज.

प्रेमराज म्हणजे आमचे ज्येष्ठ पंच. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज तोफेसारखा, मन तसं मऊ, पण आवाज आधी पोहोचतो. घरी पाहुणे वाट बघत होते आणि यांच्या पुढ्यात दोन्ही चपला डाव्या!

"भिकन! माझे दोन्ही पाय डावे आहेत का रे? दिसत नाही तर कशाला बसतोस इथं? काम जमत नसेल तर सोड!"

लोक आधी हसले, मग आपापल्या चपला शोधू लागले. भिकन दोन्ही हात चपलांवर ठेवून तसाच बसून राहिला. नंतर उठला, घंटेची दोरी खुंटीला नीट गुंडाळली आणि घरी गेला.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. चपला दाराशी विखुरलेल्या पडल्या. किरणसाहेब त्याच्या घरी जाऊन आले, पंच जाऊन आले. प्रेमराज तर दोनदा गेले, दोन्ही वेळा भिकननं दारातच "बठ्ठं बराबर शे, भाऊ, माफी कसानी?" म्हणजे सगळं ठीक आहे, माफी कसली, म्हणून हात जोडले आणि त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. शेवटी दिपमाला धुळ्याहून आली, बापाला जळगावच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं आणि रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"आत्या, तुम्ही तरी सांगा. एकेक डोळा करायचा, सोपं काम आहे म्हणाले डॉक्टर. आता नाही केलं तर पुढं अवघड होईल म्हणाले. आबा ऐकतच नाहीत."

मी गेले. भिकन ओट्यावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

"काय भिकनभाऊ, आंधळ्याचं सोंग घेताय? त्याला बिदागी कमी मिळते, मी सांगते."

तो थोडा हसला. "अक्का, डॉक्टर सांगस, एक महिना वाकायचं नही. दुसऱ्यानं येऊन दिवसातून चार वेळा डोळ्यांत औषध टाकायचं. मी जन्मभर कोणाकडून पाणी घेतलं नही. आता आडवा पडू आन् लोकांनी माझं करायचं?"

"का नाही करायचं?"

"माझं काम वाकायचं शे. करून घ्यायचं नही."

इथं माझ्यातली राणी जागी झाली. म्हटलं, "ऐका. माझ्या डोक्यावर तीस वर्षं मुकुट होता. पण तो पुठ्ठ्याचा आहे, हे मला रोज ठाऊक होतं. मीच तो खळ लावून चिकटवायची. तुमच्याही डोक्यावर एक आहे, तो तुम्ही कधी उतरवतच नाही. सगळ्यांची सेवा मी करणार, माझी कुणी करायची नाही. ही कसली नम्रता? हा तर राजाचा थाट झाला! प्रेमराजभाऊ दोनदा दारात आले. त्यांना माफी तरी मागू दिलीत का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. म्हातारा माणूस, त्यात दुखावलेला. समोरच्या रस्त्यानं केळीचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली. मग भिकन भिंतीकडे बघतच बोलू लागला. नेहमीसारखं थट्टेनं नाही.

"पहिल्या रविवारी मी सरळ कामावरून आलो व्हतो, अक्का. सदऱ्यावर चीक. आत पांढऱ्या कपड्यांची माणसं. माझ्यानं आत पाऊल टाकवलं नही. दाराशी चपलांत बसलो. एक म्हातारी बाहेर आली, तिला वाकता येईना. मी तिच्या चपला वळवल्या. ती म्हणाली, किती नम्र पोरगा! मग सगळेच म्हणू लागले." तो थांबला. "ती लाज व्हती, अक्का. लोक तिला नम्रता म्हणाले, आन् मलाबी ते बरं वाटलं. आता आत जाऊन बसलो तर मी कोण? दाराशी मी भिकन शे. आत मी कोणीच नही."

मी एवढंच म्हटलं, "आत सगळेच कोणीच नसतात, भाऊ. म्हणून तर आत जातात."

त्यानं मान हलवली की नुसती खाली घातली, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमालानं निरोप दिला, आबा तयार आहेत. आणि एक गोष्ट त्यानं स्वतः केली. भिंतीला धरत धरत प्रेमराजांच्या दारात गेला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला काही बोलायचं व्हतं. बोला, मी ऐकस."

प्रेमराज काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र जळगावला त्यांच्याच गाडीतून गेले सगळे. एक डोळा झाला. दिपमालाची रजा आठ दिवसांची. ती धुळ्याला परतली आणि औषधाची बाटली प्रेमराजांनी उचलली. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून. सुरुवातीला त्यांचे ते दांडगे हात थरथरायचे आणि थेंब भिकनच्या मिशीवर पडायचा.

"प्रेमराजभाऊ, डोळा वर शे, वर!"

"गप बस रे! आयुष्यभर दारूगोळा हाताळला, एकदा हात हलला नाही. तुझा डोळा काय बॉम्ब आहे?"

दोघं म्हातारे हसायचे. भिकन खाटेवर आडवा, मान वर, हात छातीवर. जे जे होईल ते होऊ देत. मला तो त्या दिवसांत जेवढा मोठा दिसला, तेवढा वाकलेला असताना कधी दिसला नव्हता. शेजारणीनं पाठवलेला डबा या वेळी धुऊन, रिकामाच परत गेला.

महिना शनिवारी पुरा झाला. रविवारी भिकन आला, काळा चष्मा लावून, दिपमालानं आणलेला पांढरा सदरा घालून. दाराशी नेहमीच्या जागेवर पाय अडखळले. तिथं प्रेमराज मांडी घालून बसले होते.

"काय बघतोस? चप्पल काढ आणि आत जा."

भिकननं चपला काढल्या. आत आला. तिसऱ्या सतरंजीवर, मधोमध, लोकांत बसला. किरणसाहेबांनी त्या दिवशी दाराकडे हात केला नाही, की भिकनचं नाव घेतलं नाही. मला ते फार आवडलं. गाणं सुरू झालं. चौतीस वर्षं बाहेरून ऐकलेला तो सूर भिकन पहिल्यांदा आतून म्हणत होता, आणि अगदी बेसूर म्हणत होता. आवाज असा असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या बाईनं वळून पाहिलं. तो आणखी जोरात म्हणू लागला.

उपासना सुटली. आम्ही दारात आलो आणि थबकलो. शंभरेक जोड चपला ओळीनं, रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या. जोड्या अचूक, एक इकडची तिकडे नाही. पण प्रत्येक जोडीची डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे! प्रेमराजांनी तासभर खपून एकेक चप्पल जागच्या जागी फिरवली होती. कपाळावर घाम, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी काळजी.

"बघ रे भिकन. जमलंय का?"

मागून कुणाचं तरी हसू फुटायच्या बेतात होतं. भिकननं चष्मा काढला. नव्या डोळ्यानं त्यानं ती सगळी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. चूक त्याला कळली नसेल, असं होणार नाही. वाकायला आता डॉक्टरांची मनाई नव्हती. त्याचा हात खाली जाऊ लागलेला मी पाहिला. मग तो हात वर आला आणि प्रेमराजांच्या खांद्यावर पडला. खांद्याचा आधार घेऊन भिकननं उजवा पाय डावीकडे नेला, डावा पाय उजवीकडे, आणि कैची घालून आपल्या चपला घातल्या.

"आभारी शे, भाऊ."

मग काय! किरणसाहेबांनी शेजारच्याचा दंड धरला, माझ्या बाजूच्या बाईनं माझा. सगळी मंडळी एकमेकांना धरून पायांची कैची करत चपला घालू लागली. कुणी डगमगलं, कुणी बसलं, हसण्याचा असा पूर आला की रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. मी उभ्या जन्मात एवढा रंगलेला प्रवेश पाहिला नाही. प्रेमराज बावरून एकेकाच्या पायांकडे बघत होते. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

फाटकाशी भिकन त्यांच्या कानाशी लागला. "जोडी एकदम उचलायची, भाऊ. एकदम वळवायची. पुढच्या रविवारी दाखवस."

"पुढच्या रविवारीही मीच?"

"एक रविवार तुम्ही, एक रविवार मी," भिकन म्हणाला. "मले आत बसीसन गाणं शिकनं शे."